कोरी अठरा पानं

मुन्शीचाचांच्या वहीत एका पानावर अक्षर मुंगीएवढं, तर पुढच्याच पानावर हरभऱ्याएवढं असायचं. पाहणाऱ्याला वाटे, लिहिणारा लहरी असावा. खरं कारण वेगळं होतं. छापील पुस्तकाच्या पानावर जेवढा मजकूर, तेवढाच त्यांनी वहीच्या पानावर बसवला होता. वर्गात प्राध्यापक एकशे बारावं पान उघडा म्हणाले, की चाचांची वहीही एकशे बारावरच उघडायची. निजामाच्या काळात हैदराबादला शिकताना त्यांच्याकडे कॅलक्युलसचं पुस्तक नव्हतं. खोलीतल्या सोबत्याचं इंग्रजी पुस्तक त्यांनी टाक-दौतीनं असं उतरवून काढलं होतं.

येरमाळ्यात ते सोसायटीचे सेक्रेटरी होते, पण गाव त्यांना मुन्शीच म्हणे. बहात्तरच्या दुष्काळात मी धाराशिवच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, रस्त्याच्या कामावर खडी फोडत. घरात रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीची, मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी. अशात पुस्तकाचा विषय काढायची मला लाज वाटे. पण पुस्तकाशिवाय गणितात निभाव लागला नसता, आणि नापास झाले असते तर पुढच्या वर्षी मीही खडीवरच बसले असते. दादा सोसायटीत हे कधीतरी बोलले असावेत. आम्हालाही कॅलक्युलसचं तेच पुस्तक होतं; चाचांनी निरोप धाडला.

वही घरी न्यायला मिळेल या आशेनं मी दिवाळीच्या सुट्टीत गेले. चाचांनी ती पुढ्यात ठेवली आणि शेजारी कोऱ्या कागदांचा गठ्ठा.

"वही मिळणार न्हाय. हितं बसून उतरव. पानाला पान जुळलं पाहिजे."

मला रागच आला. चाचीही दारातून त्यांना म्हणाल्या, "पोरगी खडी फोडायची चुकली, तर तुमी हिच्या बोटाचीच खडी करा." चाचा हसले, पण ऐकलं नाही. सुट्टीभर आणि नंतर रविवारी रविवारी मी त्यांच्या ओसरीवर लिहीत बसले. वीसेक पानांनंतर ध्यानात आलं, की उतरवता उतरवता मला गणित समजू लागलं आहे.

वहीच्या समासात सोबत्याचे शेरेही उतरवलेले होते. एके ठिकाणी उर्दूत काही लिहिलं होतं. अर्थ विचारला, तर म्हणाले, "हे समजलं नाही, असं लिहिलंय त्यानं." मग तेही कशाला उतरवलंत? "त्याला समजलं न्हाय, हे बी पुस्तकातच होतं की." सोबत्यानं एक उदाहरण चुकवलं होतं, तेही चुकीसकट होतं. शेजारी शिसपेननं बारीक दुरुस्ती. "दुसऱ्याच्या लिहिण्यावर रेघ ओढू न्हाय, बेटा. बाजूला लिहावं."

संक्रांतीच्या सुमारास मी तीनशेएकाव्या पानावर आले. ते कोरं होतं. पुढची सतराही कोरीच, फक्त आकडे घातलेले. शेवटचं प्रकरण नव्हतंच. पोलीस ॲक्शनच्या वर्षी, अठ्ठेचाळीसला, सोबत्याचे वडील अचानक आले आणि मुलाला सामानासकट घेऊन गेले, त्यात पुस्तकही गेलं. कॉलेज बंद पडलं. चाचा गावी परतले, ते परीक्षेला पुन्हा गेलेच नाहीत. तरी वही बांधून घेताना त्यांनी कोरी पानं मोजून आत घातली होती.

परीक्षेत त्या प्रकरणावर प्रश्न ठरलेला असे. आमच्या ग्रंथालयात पुस्तकाची एकच प्रत होती आणि ती खोलीबाहेर नेता येत नसे. मी हे सांगितलं.  चाचांनी वही फडक्यात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "जा घेऊन. दोन्हीत लिही."

रोज मधल्या सुट्टीत ग्रंथालयात बसून मी ते प्रकरण आधी माझ्या कागदांवर उतरवलं, मग त्यावरून त्यांच्या वहीत. होळीला वही परत दिली. चाचांनी एकेक पान उलटलं, नि मला विचारलं, समजलं का? मी म्हटलं, पाठ केलंय. "मला बी बघू दे," एवढंच म्हणाले.

परीक्षेला आठवडा होता, तेव्हा वसतिगृहावर पोस्टकार्ड आलं. "पान तीनशे नऊ, चौथी ओळ. चार वेळा करून पाहिलं, उत्तर येत नाही. चिन्ह तपासून घेणे."

मी ग्रंथालयात धावले. पुस्तकात वजा होतं. मी घाईत अधिक लिहिलं होतं, माझ्या कागदावर आणि म्हणून त्यांच्या वहीतही. तेच अधिक मी महिनाभर घोकत होते. परीक्षेत ती रीत विचारली, आणि मी पास झाले. पुढे पदवी घेतली, गणित शिकवू लागले. पण मला आजही नवल वाटतं ते चाचांचं. पंचेचाळिशीचा माणूस दिवसभर सोसायटीचं काम करून घरी आल्यावर ते प्रकरण सोडवत बसला होता. त्याला कुठलीच परीक्षा द्यायची नव्हती.

चाचा गेल्यावर चाळिसाव्याला मी येरमाळ्याला गेले. चाचींनी तेच फडकं माझ्यापुढे ठेवलं. मी तीनशे नववं पान उघडलं. माझं चुकीचं अधिक शाईत जसंच्या तसं होतं. त्यावर रेघ नव्हती. शेजारी शिसपेननं, अगदी फिकट, एक वजा काढलेला होता.