यानातली शिवणकरीण

आमच्या काकांनी एकतीस पुस्तकं लिहिली आणि त्यातलं एकही त्यांचं नव्हतं. मी असं म्हटलं की काकू डोळे वटारते, पण त्यात खोटं काय आहे? विज्ञानपटांच्या कादंबऱ्या करणं हा काकांचा व्यवसाय. सिनेमा लागायच्या आत पुस्तक दुकानात हवं, म्हणून सिनेमा तयार होण्याआधीच कंपनीकडून पटकथा यायची आणि काकांनी सिनेमा न बघताच सहा आठवड्यांत कादंबरी हातावेगळी करायची. नात्यागोत्यात सगळे त्यांना यानकाका म्हणत.

पटकथेत असतं काय? शंभर पानं संवाद आणि मधे मधे ‘भीषण स्फोट’. पुस्तक मात्र अडीचशे पानांचं लागायचं. चौथ्या पुस्तकाला चाळीस पानं कमी पडली आणि मुदत तर संपत आलेली. काकांच्या खणात त्यांची स्वतःची कादंबरी पडून होती, कुठल्याच प्रकाशकाने न घेतलेली. ती त्यांच्या आईवर होती. आजी एका कारखान्याच्या शिवणखोलीत बारा बायकांबरोबर काम करायची आणि ओठांत टाचण्या धरूनच सगळ्यांना दम द्यायची. काकांनी त्यातलं एक प्रकरण उचललं, आजीला यानात बसवलं आणि अंतराळवीरांचे फाटके पोशाख तिच्या हवाली केले. कंपनीत कुणी हूं की चूं केलं नाही.

मग काकांना चटकच लागली. प्रत्येक यानात आजी. वापरलेली पानं ते फाडून टाकत, छापलेली आहेत तर हाताची कशाला ठेवायची म्हणून. वीसेक वर्षांत खण रिकामा झाला. मी त्यांची हस्तलिखितं टाइप करून द्यायचे.

“काका, आजी शनीच्या वाटेवर काय करतेय?”

“काजं करतेय. तू टाइप कर.”

काका सत्तरीला आले तेव्हा एक प्रकाशिका घरी आली. लहानपणी तिने ही पुस्तकं वाचली होती. “ती शिवणारी बाई मी प्रत्येक सिनेमात शोधली,” ती म्हणाली, “कुठेच नाही. ती तुमची आहे ना? तिचं वेगळं पुस्तक द्या मला. तुमच्या नावाने.”

त्या दिवशी काका जेवले नाहीत, नुसते घरभर फिरत राहिले. “बसा हो आता एका जागी,” काकू म्हणाली, “यान सुटतंय का तुमचं?” पण स्वतःचं ताटही तिने झाकूनच ठेवलं.

अडचण कराराची होती. पुस्तकातला शब्द न् शब्द कंपनीच्या मालकीचा. प्रकाशिका म्हणाली, मग नव्याने लिहा. काकांनी दोन महिने प्रयत्न केला आणि कागद बाजूला सारले. “शिवणखोली आठवतच नाही गं आता. आई डोळ्यांपुढे आली की यानातच बसलेली असते.”

शेवटी त्यांनी कंपनीकडे परवानगी मागायचं ठरवलं. सरळ माणूस! मला त्या सरळपणाचा अजून राग येतो. महिनाभर एकतीस पुस्तकं पुढ्यात घेऊन त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्या आणि यादी काढली: कुठलं पुस्तक, कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत. खाली लिहिलं, ‘हा मजकूर पटकथेत नाही, तो माझा आहे, कृपया परत द्यावा.’ यादी मीच टाइप केली. तीनदा तपासली, एक आकडा चुकू दिला नाही.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं, अगदी गोड भाषेत. मजकूर परत देता येत नाही. मात्र सर्व पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघत आहेत आणि पुस्तक व सिनेमा जुळत नाहीत अशी वाचकांची जुनीच तक्रार आहे. त्या दृष्टीने आपली यादी फार उपयोगी पडली. सदर पानं वगळण्यात येतील. हे काम आपणच करावं अशी विनंती. मुदत सहा आठवडे.

“करू नका,” मी म्हटलं. “त्यांचं त्यांना करू दे.”

“दुसऱ्या कुणी केलं तर कुठेही तोडेल. ती बोलत असताना मधेच.”

“काका, ती तुमची आई आहे.”

“म्हणून तर.”

त्यांनी ते केलं. सांधे असे जुळवले की तिथे कधी कुणी बसलं होतं असं वाटूही नये. काकू त्या दिवसांत त्यांच्या खोलीत फिरकली नाही. सगळं संपल्यावर, कुठे काही राहिलं नाही ना, म्हणून त्यांनी मला एकतीसच्या एकतीस पुस्तकं पुन्हा तपासायला लावली. एका पानावर राहिलं होतं. अंतराळवीर कोपरावरून हात फिरवतो आणि म्हणतो, “टाका चांगला बसलाय.” मी ते वाचून दाखवलं.

“कुणी घातला टाका?” काका म्हणाले. “आता कुणीच नाही तिथे. काढून टाक.”

मी काढून टाकलं.