साफ केलेली कॅसेट

बारा वर्षांपूर्वी वारलेल्या एका बाईंचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, आणि तो मी मागच्या वर्षी पुसून टाकला. मुद्दाम नाही. पण चुकून असंही म्हणवत नाही, कारण तीन दुपारी खर्चून, अगदी मन लावून मी ते केलं. तेव्हा मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला होते, आणि आपल्याला जगात एक तरी गोष्ट नीट येते अशी माझी समजूत होती. ती गोष्ट म्हणजे जुनं गाणं ओळखणं आणि ते साफ करणं.

बाकी काय येत होतं म्हणा! दुसऱ्या वर्षी संख्याशास्त्रात बॅक लागली होती. बॅक म्हणजे नापासच, पण आमच्या बनारसमध्ये नापास असं कुणी तोंडावर म्हणत नाही, बॅक म्हणतात, म्हणजे जरा कमी लागतं. बाबा बँकेत, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. रोज जेवताना त्यांचा एकच प्रश्न, "मग पुढचं काय सोचलं आहेस?" मी "सोचते आहे" म्हणायचे आणि वरणात भात कालवत बसायचे. माझ्याबरोबरच्या मुलींपैकी कुणी रेल्वेच्या परीक्षेला बसत होती, कुणी बी.एड.ला, आणि कोचिंगची पुस्तकं काखेत मारून सगळ्या कशा ठिकाण ठरवल्यासारख्या चालायच्या. मी विचार करायला बसले की छातीत धडधडायला लागायचं, हात गार पडायचे. वर्गात हजेरी सुरू झाली की माझा नंबर येईपर्यंत मला श्वास पुरायचा नाही. "प्रेझेंट" एवढा एक शब्द, तोही घशात अडकायचा. शेवटी मी वर्गात जाणंच कमी केलं. घरून डबा घेऊन निघायचे आणि मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर सावली बघून इअरफोन घालून बसायचे. पहिला आठवडाभर नाववाल्यांनी "बोट चाही?" म्हणून विचारलं, मग त्यांनीही नाद सोडला. दुपारी घाटावरच डबा खायचा आणि कॉलेज सुटायच्या वेळी घरी परतायचं. आईला वाटायचं, पोरगी अभ्यासानं सुकत चालली आहे.

ऐकायचे ती सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची गाणी. नाटकातली पदं, ठुमऱ्या, कुणाकुणाच्या घरच्या मैफली. माझी शाळा सगळी हिंदीत झालेली, मराठी वाचताना तेव्हा मी अडखळायचे, पण गाण्यातली मराठी मला बरोबर कळायची. मैत्रिणी चिडवायच्या, "तू पिछले जनम में बुढ़िया थी क्या?" मी हसण्यावारी न्यायचे. खरं सांगायचं तर मला ते गाणारे लोक आवडायचे कारण ते मेलेले होते. माझं पुढचं काय, हे त्यांना विचारायचं नव्हतं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं होतं.

फोनवर जुन्या गाण्यांच्या शौकिनांचा एक ग्रुप होता. सगळे बाबांच्या वयाचे किंवा त्याहून मोठे, आणि एकापेक्षा एक तिरसट. त्यांचा दंडक असा की घरगुती बैठकीची टेप मिळाली तर ती साफ करूनच ग्रुपवर टाकायची. साफ म्हणजे मागची खरखर काढायची, खोकणं-खाकरणं काढायचं, दार वाजलेलं, मूल रडलेलं, दोन गाण्यांमधली बडबड, सगळं कापायचं. नुसतं गाणं ठेवायचं आणि खाली राग आणि ताल लिहायचा. कुणी न कापता टाकलं की लगेच दुसरा कुणी लिहायचा, "हे गाणं आहे की भाजीबाजार?" एकदा माझ्या एका टेपखाली कुणीतरी लिहिलं, "या मुलीचा हात स्वच्छ आहे." त्याच आठवड्यात बॅकच्या पेपरचा निकाल लागला होता आणि मी पुन्हा आपटले होते. ते एक वाक्य मी त्या आठवड्यात किती वेळा उघडून वाचलं, ते आता सांगायचीही लाज वाटते.

मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीत समोरच्या घरात काका राहतात. नात्यानं ते आमचे कुणी नाहीत, गल्लीतली सगळीच मराठी मुलं त्यांना काका म्हणतात. संस्कृत पाठशाळेत आयुष्यभर शिकवलं, आणि तरुणपणी पेटी घेऊन गायचे. मूलबाळ नाही. काकू गेल्या तेव्हा मी आठ वर्षांची होते. मला त्यांचे हात आठवतात, डाळिंब सोलून दाणे वाटीत देणारे. आवाज आठवत नाही. फोटो काढायचा म्हटलं की त्या पदर पुढे ओढून आत पळायच्या, आणि तेव्हा गल्लीत होते ते साधे बटणांचे फोन, त्यात कुणाचं बोलणं कोण साठवून ठेवणार?

होळीच्या आधी काका एक दिवस आमच्याकडे आले. खिशातून रुमालात बांधलेली एक कॅसेट काढली.

"तुला मशीनचं समजतं न? ही जरा देख."

"कधीची आहे, काका?"

"पुरानी आहे. आमच्या घरी शनिवारी बैठक व्हायची. बालाजी घाटावरची मंडळी यायची. तेव्हाची." मग म्हणाले, "सगळी उतरवून दे. जरापण सोडू नको."

"सगळी गाणी घेते, काका. टेन्शन नका घेऊ."

"सगळी," ते पुन्हा म्हणाले. आणखी काहीतरी त्यांच्या ओठांवर होतं. पण तेवढ्यात आई आली आणि त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायला लागली, आणि ते राहिलं. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्या गवयाला आपला जुना आवाज ऐकायची हौस आली आहे. मला सगळंच कळतं, असा तेव्हा माझा खाक्या होता.

कॅसेटला बुरशी लागलेली होती. फितीच्या कडेला पांढरं पांढरं दिसत होतं. आमच्या भागात जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक गृहस्थ अजून तग धरून आहेत, त्यांच्याकडे नेली. त्यांनी फीत बोटभर बाहेर ओढली, उजेडात धरली, आणि म्हणाले, "एक्कै बार चली, बिटिया. दुबारा मत लगइहा, सब झर जाई." म्हणजे एकदाच वाजेल. वाजता वाजताच फितीवरचा थर गळून पडेल.

मग मी जीव लावून तयारी केली, ते मात्र खरं. बाबांच्या जुन्या डेकचा पट्टा बदलला, फीत नव्या डबीत घातली, हेड स्पिरिटनं पुसलं. रविवारी दुपारी डेक लॅपटॉपला जोडला आणि कॅसेट लावली. लागली! दोन्ही बाजू मिळून दीड तास. तो दीड तास मी ऐकत होते असं म्हणता येणार नाही, मी बघत होते. आवाजाच्या रेघा पडद्यावर उठत होत्या, त्या लाल होत नाहीत ना, म्हणजे आवाज फाटत नाही ना, एवढ्याकडेच माझं लक्ष होतं. संपल्यावर डेक उघडला तर हेडवर तपकिरी भुकटीचा थर, आणि फीत जागोजागी पारदर्शक झालेली. पण उतरली होती, सगळीच्या सगळी, काकांनी सांगितलं होतं तशी. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं.

सोमवारपासून मी साफ करायला घेतलं. काका गायचे मात्र सुरेख. आवाजाला धार होती, आणि घाई अजिबात नाही. पण दोन गाण्यांच्या मध्ये, आणि कधी कधी गाण्यातच, एक बाई बोलायची. टेपरेकॉर्डर बहुतेक तिच्याच शेजारी ठेवलेला असणार, कारण काकांपेक्षा तीच मोठ्यानं ऐकू यायची. कुणालातरी काहीतरी विचारायची, हसायची. एके ठिकाणी काका तान घेऊन समेवर येताहेत आणि ही नेमकी तेव्हाच बोलते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई, आत जाऊन बोला ना! ती एक सम सोडवायला मला अख्खी दुपार लागली.

त्या काकू आहेत हे मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. म्हणूनच मला चुकून असं म्हणवत नाही. काकांच्या घरात बैठकीच्या मध्ये इतक्या हक्कानं दुसरं कोण बोलणार? कळलं होतं आणि तरी मी कापत गेले, कारण ग्रुपवर सगळे तेच करायचे आणि मला ते चांगलं जमत होतं. तिसऱ्या दिवशी दीड तासाची बावन्न मिनिटं झाली. नितळ गाणं, मध्ये टाचणी पडल्याचा आवाज नाही. सेव्ह करताना लॅपटॉपनं सांगितलं, जागा नाही. एक तर मूळ दीड तासाची फाइल काढायची, नाहीतर माझ्या जमवलेल्या गाण्यांतली काही. माझ्या गाण्यांमधलं एकही काढायला माझा हात धजेना. मी मूळ फाइल काढली, आणि जागा व्हावी म्हणून कचऱ्याची पेटीही रिकामी केली.

ग्रुपवर टाकलं आणि कौतुकाचा नुसता पाऊस. हे गायक कोण, कुठले, यांना कुणी ओळखलं कसं नाही? "हात स्वच्छ आहे" म्हणणाऱ्यांनी या वेळी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मी दोन दिवस हवेत होते. बाबांनी "पुढचं काय" विचारलं तेव्हा, "मी आवाजाचं काम शिकेन म्हणते," असंही बोलून गेले, आणि बाबा चक्क गप्प बसले. त्या दोन दिवसांत एकदाही माझी छाती धडधडली नाही.

काकांना शनिवारी दुपारी बोलावलं. ते धुतलेला सदरा आणि टोपी घालून आले, कुणाच्या घरी कार्याला यावं तसे. आईनं त्यांना खुर्चीत बसवलं आणि ती आत गेली. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला, आवाज मोठा केला.

पहिलं गाणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं. ते संपता संपता त्यांनी डोळे उघडले, हात वर करून मला गप्प राहायची खूण केली आणि खुर्चीत पुढे सरकले. मी गप्पच होते. दुसरं गाणं सुरू झालं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. दुसरं संपताना पुन्हा पुढे सरकले, कानामागे हात धरला. तिसरं सुरू झालं.

"हे मधे मधे काय झालं?"

"साफ केलं, काका." मी अजून फुशारकीतच होते. "बडबड सगळी काढून टाकली. आता नुसतं गाणं आहे."

काकांनी लॅपटॉपकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "ती बोलायची मधे."

माझे हात गार पडले. पुढचा विचार करताना पडायचे तसेच, पण या वेळी कारण खरं होतं. मी "हो" म्हटलं.

"पण ती कॅसेट तर आहे न?"

फितीवर आता काही उरलेलं नाही, हे मी सांगितलं. मूळ फाइल काढून टाकली, हेही सांगितलं. का काढली ते विचारतील म्हणून वाट बघत होते. ते रागावले असते तर मी त्यांचे पाय धरले असते. त्यांनी विचारलंच नाही. लॅपटॉपमधून तिसरं गाणं चालूच होतं.

"तू तर ऐकलंस न तिला?" ते म्हणाले. "काय बोलत होती, ते तरी सांग."

मी आठवायला लागले. तीन दुपारी मी त्या बाईंच्या मागे हात धुऊन लागले होते. त्यांचं प्रत्येक वाक्य कुठे सुरू होतं, कुठे संपतं हे सेकंदाच्या हिशोबानं मला माहीत होतं. पण एक शब्द आठवेल तर शपथ. रेघा तेवढ्या आठवत होत्या, कुठे उंच, कुठे बुटक्या. काका कानामागचा हात तसाच धरून माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना रिकाम्या हातानं पाठवायचं धैर्य मला झालं नाही.

"चहा ठेवू का, असं विचारत होत्या," मी म्हणाले.

काकांनी मान हलवली.

"नाही. ती विचारायची नाही कधी. घेऊनच यायची." ते जरा पुढे वाकले. "आणखी काही?"

"हसत होत्या." हे तरी खरं होतं.

"कशाला?"

"ते नाही माहीत, काका."

त्यांनी कानामागचा हात खाली घेतला. टोपी काढून मांडीवर ठेवली. तिसऱ्या गाण्यात त्यांची ती तान आली, आणि ते समेवर अगदी अलगद उतरले, मध्ये कुणीही बोललं नाही.

"हे बंद कर आता," काका म्हणाले.