परगावची यादी

तीस वर्षं झाली, आमच्या चर्चमध्ये सूचना मीच वाचतो. शिक्षण चौथी. पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो आणि एकदा वाचलेलं नाव परत वाचावं लागत नाही. माणसं उपदेश दारातून बाहेर पडेपर्यंत विसरतात. सूचना मात्र घरी नेतात, त्यावर भांडतात आणि पुढच्या रविवारी मला जाब विचारायला येतात. किस्से असेच साठत गेले. मी साठवले नाहीत. पाठ सोडत नाहीत म्हणून लिहितो.

आमचं गाव सातारा-सांगली रस्त्यावर. मंडळी लहान, साठ-सत्तर घरं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी दोन याद्या वाचतो. पहिली परगावी असलेल्यांची. नाव वाचलं की घरच्या माणसानं बसल्या जागेवरून "हाय" म्हणायचं. म्हणजे आहे, खुशाल आहे, प्रार्थनेत धरा. दुसरी यादी वारलेल्यांची, स्मरणाची. तिथं नाव वाचलं की घरच्यांनी मुकाट्यानं उभं राहायचं. रीत कुणी घातली माहीत नाही. मी वाचायला लागलो तेव्हा होती.

पहिल्या यादीत राहेलकाकूंचा दानिएल आहे. राहेलकाकू सगळ्या मंडळीच्या काकू, म्हणून माझ्याही. दानिएल विसाव्या वर्षी बापाशी भांडून सांगलीला गेला, तिथून कुठल्या ट्रकवर गेला. दोन पत्रं आली. मग काही नाही. याला पंचवीस वर्षं झाली. बाप वारला, दुसऱ्या यादीत गेला. पोरगा पहिल्या यादीतच राहिला. मी वाचतो, "दानिएल, पत्ता माहीत नाही." आणि बायकांच्या बाजूच्या पहिल्या बाकावरून काकू म्हणतात, "हाय!"

सगळ्या चर्चमध्ये एवढा खणखणीत "हाय" दुसऱ्या कुणाचा नाही.

*

परगाव म्हणजे कुठून पुढे, यावर एकदा कमिटीची मीटिंग झाली. सायमन महाबळेश्वरला टॅक्सी चालवतो. त्याची बायको म्हणाली, यादीत घ्या. कुणी म्हणालं, तो दर सोमवारी घरी येतो, त्याला कसला परगाव? दोन तास गेले. शेवटी मी उठून सांगितलं, "घाट चढला की परगाव. जिल्हा बदलला की परगाव. बाकी सगळं घर." मीटिंग संपली. सायमन यादीत आला.

जून लागला. महाबळेश्वरला पावसात कुत्रं फिरत नाही, गिऱ्हाईक कुठलं! सायमन टॅक्सी घेऊन खाली आला. मी नियमाप्रमाणे नाव काढलं. बायको उपासना संपल्याबरोबर पुढं आली.

"आवं तात्या, नाव काढलं व्हय?"

"घरी आहे ना तो?"

"घरी हाय म्हणून तर प्रार्थनेची जास्त गरज हाय!"

*

विश्वास पुण्याला कंपनीत होता. रिटायर झाला, गावी आला, घर रंगवलं. पहिल्याच महिन्याला यादीत त्याचं नाव नव्हतं. दारात त्यानं सलाम करायला माझा हात धरला तो सोडलाच नाही.

"तात्या, पुण्यात होतो तवर दर महिन्याला नाव निघत हुतं. गावात आलो आन् मेलो व्हय?"

मी म्हणालो, "मेला असतास तर दुसऱ्या यादीत घेतलं असतं. घाई करू नकोस."

दोन महिने माझ्याशी बोलला नाही. मला बरंच पडलं. फार बोलतो.

*

मरियमचा नवरा गुजरातला क्रेन चालवतो. एका रविवारी त्याचं नाव वाचलं आणि उत्तर आलं नाही. मी नाव परत वाचत नाही. पण पुढेही गेलो नाही. मरियम खाली बघून बसली होती. सासू शेजारीच. सासूनं कोपर मारलं तशी ती म्हणाली, "हाय. फोन उचलत न्हाई, पन हाय!"

लहानथोर सगळे हसले. सासू हसली नाही. संध्याकाळी गुजरातहून मला फोन. "तात्या, देवळात माझी तक्रार झाली म्हणं?"

"तक्रार नाही," मी सांगितलं. "हजेरी झाली."

तेव्हापासून तो रोज घरी फोन करतो. मरियम सांगते, आता तीच कधीकधी उचलत नाही.

*

दुसऱ्या यादीत पहिल्या वर्षी नावाबरोबर एखादं वाक्य बोलायचं असतं. योसेफ मास्तर वारले. कडक माणूस. शाळेत त्यांनी निम्म्या गावाला मारलं, उरलेल्या निम्म्यानं शाळा सोडली. मी त्या उरलेल्यांतला. मुलांनी मास्तरांवर एक पान लिहून आणलं. प्रेमळ, मनमिळाऊ, सर्वांचे आधारस्तंभ. मी ते घरी दोनदा वाचून बघितलं. रविवारी नाव घेतलं आणि म्हणालो, "मास्तर वेळेवर यायचे." पुढचं नाव घेतलं.

मुलं चिडली. एक तर भेटल्यावर तोंड फिरवायला लागला. आठवड्यानं मास्तरांच्या बायको बाजारात भेटल्या. पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "तात्या, त्या दिशी मानसं लय बोलली वो घरी यिऊन. पन तुमचं तेवढं खरं हुतं."

*

तीन वर्षांपूर्वी नवे पाळक आले. वय पस्तीस. कामाला वाघ. छपराची गळती काढली, रजिस्टरं बांधून घेतली आणि माझी वही मागितली. याद्या कॉम्प्युटरवर घ्यायच्या होत्या. दानिएलपाशी त्यांची बोटं थांबली.

"तात्या, याचा पत्ता?"

"माहीत नाही."

"जिवंत आहे का?"

"पहिल्या यादीत आहे."

त्यांनी खुर्ची मागे सारली. "बावीस वर्षं झाली. कोर्टसुद्धा सात वर्षं थांबतं. दर महिन्याला आपणच त्या माउलीची जखम उघडी करतो. एकदा रडू दे त्यांना. दुसऱ्या यादीत घेऊ."

माणूस मनानं वाईट नव्हता. मी म्हणालो, "मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा."

दोघं गेलो. काकू दारात घेवडा सोलत बसल्या होत्या. पाळक पाव तास बोलले. चांगलं बोलले. शास्त्रातली वचनं सांगितली. काकूंनी सगळं ऐकलं, हात थांबवला नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हंजे त्याची यादी बदलायची म्हनता?"

"होय काकू."

"बदला की. पन त्यो गेला असंल तर त्यानं यिऊन सांगावं."

पाळकांनी माझ्याकडं बघितलं. मी घेवड्याकडं बघितलं.

*

तरी पाळकांनी सोडलं नाही. नोव्हेंबरात त्यांनी याद्या छापून आणल्या. मी सांगितलं, "छापील मी वाचत नाही." ते स्वतः उभे राहिले. पहिली यादी झाली. दानिएलचं नाव आलं नाही. काकू ताठ बसून होत्या. दुसरी यादी सुरू झाली. बापाचं नाव आलं, काकू उभ्या राहिल्या, बसल्या. पुढचंच नाव दानिएल.

सगळ्यांच्या माना पहिल्या बाकाकडं. आता काकूंनी उठायचं होतं. काकू उठल्या नाहीत. मग त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "हाय!"

पाळकांना वाटलं, बाईचा गोंधळ झाला. हळू आवाजात म्हणाले, "काकू, ही दुसरी यादी आहे."

"ठावं हाय. तुमी चुकीच्या यादीत वाचलं. मी बराबर सांगितलं."

पुढच्या महिन्यात पाळक कागद घेऊन माझ्याकडं आले. दानिएलचं नाव पेनानं खोडून वर नेलं होतं. "तुम्हीच वाचत जा," म्हणाले. मी वही उघडली. वहीत खाडाखोड नव्हती.

*

यंदा उन्हाळ्यानंतर काकू अंगणात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. सांगलीला भाची असते, ती गाडी करून घेऊन गेली. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, आता एकटं ठेवू नका. घराला कुलूप लागलं.

जिल्हा बदलला की परगाव. महिनाअखेरीला मी वहीत दानिएलच्या खाली काकूंचं नाव लिहिलं. लिहिताना विचार आला, दानिएलला आता "हाय" कोण म्हणणार? भाची सांगलीत. इथं त्या घरचं कुणीच उरलं नव्हतं. आणि ज्या नावाला तीन महिने उत्तर येत नाही ते मी काढतो. नियम माझाच. आजवर कुणासाठी मोडलेला नाही.

रविवारी मी वही घेऊन उभा राहिलो. तेवढ्यात पाळक माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. झग्यातून मोबाईल काढला. उपासनेत मोबाईल बंद, हा नियम त्यांचा. कुणाला तरी लावला, स्पीकर मोठा केला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"वाचा," म्हणाले.

मी वाचलं. "दानिएल, पत्ता माहीत नाही."

"हाय!" मोबाईलमधून आवाज आला. शेवटच्या बाकापर्यंत गेला.

"राहेलबाई, सांगली."

काही नाही. पाळकांनी मोबाईल कानाला लावून बघितला, परत वर धरला. "काकू, ऐकू येतंय ना?"

"येतंय की."

"तात्यांनी तुमचं नाव वाचलं. हाय म्हणा."

"माझं म्या कसं म्हनू?" काकू म्हणाल्या. "घरच्यानं म्हनायचं असतंय. दानिएल म्हनंल की. थांबा जरा."