कांबळेबाईंची सुमी

आमच्या लातूरच्या बालगृहात कुणाचा नातेवाईक भेटायला आला, की कांबळेबाई त्याला ऑफिसात बसू देत नसत. थेट स्वयंपाकघरात नेत, ताट पुढे सरकवत आणि म्हणत, "कागद मागून बघू. आधी लेकराला घास भरवा. कोण कुणाचं हाय, ते घासात कळतं." त्या तिथल्या गृहमाता, मी शिवण शिकवणारी. अधीक्षक चिडायचे, "ही काय खानावळ आहे?" बाई म्हणत, "खानावळच बरी की साहेब! जेवल्यावर माणूस घरी तर जातंय."

भूकंपानंतर बालगृह भरून गेलं. मदत करणाऱ्यांनाही काय हौस आली होती! लांबलांबच्या संस्था गाड्या घेऊन दारात उभ्या. त्यांना अनाथ मुलं हवी होती. मामा, मावशी जिवंत असलेलं मूलही त्यांच्या लेखी अनाथच.

सुमी सहा वर्षांची. आईबाप ढिगाऱ्याखाली गेलेले. रेणापूरकडची तिची मावशी शेवंता दर आठवड्याला एसटीने यायची. सुमी तिच्या मांडीवरून उठायची नाही. "माझ्या बहिणीची एवढीच निशाणी राहिली, मला द्या हो," म्हणून शेवंता रडायची.

तिचं घर बघायला साहेब गेले, सोबत आम्ही दोघी. घर उभं होतं, पण मातीच्या जड छताखाली, माळवदाखाली झोपायची कुणाची छाती होत नव्हती. सगळे लिंबाखाली बाजा टाकून झोपत. साहेबांनी शेरा मारला, 'कुटुंब उघड्यावर राहते. छत नाही.'

बाई भडकल्या. "साहेब, अख्खा जिल्हा अंगणात झोपून राहिलाय. तुमच्या बंगल्यापुढं तंबू कशाला ठोकलाय मग?"

खरं बोलल्याचा राग पोरीवर निघाला. सुमीला दूरच्या शहरातल्या संस्थेत धाडलं. तिथं म्हणे स्लॅबची इमारत होती. बाईंना वर दोन नोटिसा.

बाईंनी हाय खाल्ली नाही. वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आणि शेवटी सुमीला परत आणायचा हुकूम मिळवला. आम्ही शेवंताला घेऊन गेलो. दोन वेण्या घातलेली उंच मुलगी बाहेर आली. शेवंताने हात पसरले. मुलगी तिथल्या मॅडमच्या मागे सरकली. "मॅडम, या कोण आहेत?"

त्या दिवशी बाईंनी ताट मागितलं नाही.

शेवंताच म्हणाली, "राहू द्या बाई. आता नेलं तर पोरीचं घर दुसऱ्यांदा मोडंल."

परतीच्या एसटीत बाई एवढंच बोलल्या, "आईबाप भूकंपानं नेले. मावशी आपण नेली."

पुढे लातूर शिकवण्यांनी गाजलं. आईबाप स्वतःच लेकरं आणून वसतिगृहांत सोडू लागले. अशाच एका क्लासच्या थंडगार हॉलमध्ये आमच्या बालगृहांच्या खात्याने कार्यक्रम ठेवला. नवं धोरण आलं होतं: मूल शक्यतो आपल्या माणसांतच राहावं. जसा काही शोधच लागला! निवृत्त कांबळेबाईंना शाल पांघरली. नवे साहेब म्हणाले, "बाईंची दूरदृष्टी बघा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाई माईकपुढे उभ्या राहिल्या. शाल काढून नीट घडी केली आणि साहेबांच्या हातात ठेवली.

"धोरण लई चांगलं हाय, साहेब. आता माझ्या सुमीला पुन्हा सहा वर्षांची करून द्या."