वावळाखालचं ऊन

लहानपणी मला अंधाराची भीती वाटली नाही, सापाची नाही, शाळेतल्या छडीचीही नाही. भीती वाटायची ती श्वासाची. आत घेतलेला बाहेर पडेल की नाही, आणि पडला तर पुढचा मिळेल की नाही, या विचाराने माझे तळहात भर हिवाळ्यात घामेजायचे. घरात मात्र 'दमा' हा शब्द काढायची सोय नव्हती. मुलीची जात, उद्या लग्नाचं बघायचं, म्हणून कुणी विचारलं तर आई सांगायची, "तिला थंडी बाधती."

वडील भिंगारला लष्कराच्या भांडारात कारकून होते आणि आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचो. नव्वद सालानंतरची ती पहिलीच वर्षं. आमच्या चाळवजा रांगेसमोर एक जुनं वावळाचं झाड होतं. उन्हाळ्यात त्याच्या कागदासारख्या गोल चकत्या अंगणभर उडायच्या आणि आम्ही पोरं त्यातलं इवलंसं बी सोलून खायचो. झाडाशी आमची ओळख एवढीच.

पण हिवाळ्यात बायांच्या लेखी त्या झाडासारखं झाड नव्हतं. कारण साधं होतं. आजूबाजूचे कडुनिंब आणि चिंचा गच्च सावली धरून असायच्या आणि वावळ मात्र पानं गाळून उघडाबोडका व्हायचा. त्यामुळे सकाळचं कोवळं ऊन सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त मिळायचं ते वावळाखाली. तिथे पोती पडायची, सुपं यायची, कुणी गहू निवडायचं, कुणी पोरींच्या डोक्याला तेल लावायचं. आजाऱ्याचा मान बुंध्याजवळचा, तिथे वारा लागत नाही म्हणून. तो मान अर्थातच माझा. शाल कानावरून गुंडाळून मला तिथे बसवलं, की आईचा जीव भांड्यात पडायचा.

त्याआधी रोज सकाळी माझी एक परीक्षा व्हायची. आमच्याकडे उठल्यावर त्रिसरण म्हणायची पद्धत होती. आई माझ्यासमोर उकिडवी बसायची आणि म्हणायची, "एका दमात म्हन बघू." बुद्धाची, धम्माची आणि संघाची अशा तिन्ही ओळी एका श्वासात झाल्या, तर दिवस चांगला. दुसऱ्या ओळीत अडखळले तर शाळेला सुट्टी. पहिलीतच दम संपला तर आई वडिलांकडे बघायची, आणि वडील सायकल काढून रिक्षा आणायला जायचे. इतर घरांत वंदना मनाला शांती मिळावी म्हणून म्हणत असतील, पण मी ती म्हणण्याआधी छातीत मावेल तेवढी हवा भरून घ्यायचे.

त्या वर्षी थंडी आधी कडाक्याची पडली. नळाचं पाणी हाताला चावायचं. आईने मला घराबाहेर काढलंच नाही, दार-खिडक्या लावून, शेगडीपासून लांब, गोधडीत. मी ठणठणीत होते. तिन्ही ओळी म्हणून वर चौथी म्हणायला तयार. आईला वाटलं, थंडीपासून जपलं म्हणूनच.

संक्रांत झाली आणि थंडी एकाएकी ओसरली. आभाळ निळंशार, ऊन उबदार, आणि झाडं हलतील एवढा कोरडा वारा. शेजारणी म्हणाल्या, "गेली बाई एकदाची थंडी." आईने दार सताड उघडलं आणि मला वावळाखाली नेऊन बसवलं. तिला वाटलं, आता पोर सुटली.

दुपार व्हायच्या आत मला दम्याने धरलं. आधी नाक, मग घसा, मग छातीत कुणी दोरी आवळत आणल्यासारखं. मला हाक मारायची होती आणि हाकेपुरताही वारा आत नव्हता. समोर दोन हातांवर आई गहू निवडत होती, हसत होती, आणि मला वाटलं, ही वर बघायच्या आत मी मरणार. मग तिने वर बघितलं. सूप उलटं झालं आणि गहू मातीत गेले, एवढं आठवतं.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, जपा. आईने आणखी जपलं. म्हणजे दुसरा स्वेटर घातला आणि ऊन जास्त द्यायला लागली. पुन्हा झटका आला. पुन्हा रिक्षा. जितकी ऊब, तितकी मी वाईट. आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं. संध्याकाळी आई माझ्यावर खेकसायची आणि लगेच मला कुशीत घ्यायची. तिचं काळीज माझ्या कानाशी धडधडायचं आणि त्यामुळे मी जास्तच घाबरायचे. मोठी माणसं भ्याली, की लहानांनी कुणाकडे बघायचं?

मग आभाळ आलं. गार, ओला, बोचरा दिवस, आणि वर अवकाळी पावसाची भुरभुर. वडील म्हणाले, "आज रिक्षावाल्याला सांगूनच ठेवतो." दुसऱ्या दिवशी सकाळी आई माझ्यासमोर बसली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. मी सुरुवात केली आणि तिन्ही ओळी एका श्वासात घडाघडा म्हणून मोकळी झाले. आईला खरंच वाटेना. "आनखी एकदा म्हन." मी म्हटलं. ती कितीतरी वेळ खिडकीतून त्या ओल्या आभाळाकडे बघत राहिली.

ऊन परत पडलं. आईने माझी शाल घेतली आणि दारात झटकली. शालीच्या लोकरीतून तपकिरी-हिरवट बारीक फुलोरा भुरुभुरु खाली पडला. एवढासा, फूल म्हणावं असं काहीही नसलेला. त्याच क्षणी मला ठसका लागला आणि तो थांबेचना. आईने शालीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग समोरच्या झाडाकडे. उघडं म्हणून आम्ही ज्याच्याखाली बसत होतो, ते झाड उघडं नव्हतंच. पानांच्या आधी फांदीफांदीला तो फुलोरा लगडलेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

डॉक्टरांना तिने हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, हे झाडाचे पराग, वाऱ्यावर उडतात. थंडी असेपर्यंत फुलोरा दबून राहतो, थंडी हटली की एकदम फुटतो. कोरडा वारा आणि स्वच्छ ऊन असलं की हवा त्याने भरते, पाऊस पडला की खाली बसतो. झाड लष्कराच्या हद्दीतलं, तोडायचा प्रश्नच नव्हता. "चांगल्या हवेच्या दिवशी घरात ठेवा," असं ते म्हणाले, आणि आई त्यांच्याकडे बघतच राहिली.

तेव्हापासून आमचं घर उलटं झालं. गारठ्यात खिडक्या उघड्या, आणि सगळं जग उन्हात बसलं की आमच्या खिडक्या बंद, वर ओली चादर टांगलेली. शेजारणी आईला म्हणायच्या, "उन्हानं कुनाला बाधतं व्हय?" आई ओली चादर पिळून पुन्हा टांगायची. थंडी ओसरली अशी बातमी लागली की तिचा चेहरा उतरायचा. थंडी टिकावी असं तिला फार वाटायचं, पण आमच्या घरात देव नव्हता, त्यामुळे मागायचं कुणाकडे हाही प्रश्नच होता.

दहावीनंतर मी पुण्याला होस्टेलवर गेले. पर्समध्ये फवाऱ्याचा पंप आला आणि भीती पुष्कळ कमी झाली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, संक्रांतीनंतरच्या एका शनिवारी, मी न कळवता घरी आले. दिवस सुरेख होता. सगळी चाळ वावळाखाली बसलेली. मला येताना बघून आईने आमच्या घराची खिडकी खाडकन बंद केली.

आईचे गुडघे तोवर धरले होते. डॉक्टरांनी तिला रोज ऊन घ्यायला सांगितलं होतं. मी आत गेले तेव्हा ती मात्र अंधाऱ्या खोलीत, गार फरशीवर चादर भिजवत बसली होती.

"तू जा ना बाहेर," मी म्हटलं. "मी आतच थांबते."

"अन् पदरातनं घरात आनू व्हय ते?"

मला तिचा राग आला आणि रडूही आलं. मी म्हटलं, "अगं, मला आता काही होत नाही. औषध आहे माझ्याकडे."

तिने चादर बाजूला ठेवली. गुडघे दुखत असताना माझ्यासमोर तशीच उकिडवी बसली. "म्हन बघू."

मी हसले, पण म्हटलं. बुद्धाची ओळ, धम्माची, संघाची, सावकाश, एका श्वासात. दम शिल्लक होता. मी थांबले आणि आईने मोठ्यांदा श्वास सोडला. मी सुरुवात केली तेव्हापासून तिने तो धरून ठेवला होता.

"उद्या गार पडलं तर," ती उठत म्हणाली, "खिडकी उघडू."