चौकातला पुरावा

नोकरीतले खून, दरोडे आता विसरत चाललोय. पण ती म्हैस आजही आठवते.

मी बारामतीजवळच्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. सकाळची हजेरी चालू असताना सांगवीकडची एक बाई आली आणि दुधाची रिकामी किटली तिनं माझ्या टेबलावर आपटली.

“सायेब, मालकानं माझी म्हैस पत्त्यात घालवली. भावानं दिलेली हाय. तिच्या दुधावर घर चालतंय. म्हैस आणा, मालकाचं काय करायचं ते करा.”

नवऱ्याला बोलावलं. “पत्ते? मला राजा-राणीबी ओळखू येत न्हाय,” म्हणाला. दोन ठिकाणी छापे घातले, हाती लागली शेंगांची टरफलं. बाई रोज किटली घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसायची. मला आमचीच लाज वाटायला लागली.

चौथ्या दिवशी हवालदारानं खबर आणली, “साहेब, माळेगावच्या चौकातला फ्लेक्स बघाच.”

फ्लेक्सवर काळा चष्मा लावलेला एक गृहस्थ, शेजारी हार घातलेली म्हैस, खाली फोटोंसह चौदा शुभेच्छुक. पठ्ठ्यानं डीजे लावून म्हशीची मिरवणूक काढली होती, वर गावाला मटण घातलं होतं. एवढ्या खर्चात दुसरी म्हैस आली असती! शुभेच्छुकांत सातवा फोटो बाईच्या नवऱ्याचा.

पंचनामा करून फ्लेक्स उतरवला, सगळ्यांना चौकशीला आणलं. प्रत्येकाचं एकच, “आमी एकमेकांना वळखत न्हाय.” मी फ्लेक्स फरशीवर अंथरला. तशी चौकशी विसरून जो तो आपला फोटो शोधू लागला. एक वयस्कर शुभेच्छुक भडकले.

“शेड माझं, पत्ते माझे, चहापाणी माझं, आन् फोटो म्हशीच्या शेपटीखाली?”

चष्मेवाल्यानं हात जोडले. “तात्या, गप बसा. छापणाऱ्याची चूक हाय.”

“कसली चूक? त्या दिवशी तीन एक्के तुला कुणी वाटले?”

मी लेखनिकाला म्हणालो, “लिहून घ्या.”

म्हशीच्या कानातला बिल्ला बाईच्या नावचा निघाला आणि कोर्टाच्या हुकमानं ती घरी गेली. निकालानंतर बाईनं रीतसर अर्ज करून फ्लेक्सही नेला.

गुन्हेगार पुरावा मागं ठेवतो, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. तो चौकात टांगतो आणि फोटो कुठं लागला यावरून भांडतो, हे या केसनं शिकवलं. माणसाला पैसा लपवता येतो, मिरवायची हौस लपवता येत नाही.

पुढं एकदा सांगवीला गेलो, तर फ्लेक्स गोठ्यावर ताणलेला. खाली नवरा मुकाट्यानं शेण काढत होता.

“ह्यांचा फोटो आतल्या बाजूला घेतलाय सायेब,” बाई म्हणाली. “म्हशीला वळख ऱ्हावी, डावावर कुणी लावलं त्याची.”