बूट कोण घालणार

लेकीच्या किटात, म्हणजे इथल्या जर्मन बालवाडीत, बाई म्हणाल्या, "जॅकेट, बूट सगळं ती स्वतःच घालते. घरीही घालू देता ना?" मी "या, या", म्हणजे जर्मनमध्ये "हो, हो", करत मान डोलावली आणि तिथेच चिडले. कारण घरी ही साडेतीन वर्षांची महाराणी नुसता पाय पुढे करून बसते.

त्या दिवशी ठरवलं, आता आपण हात लावायचा नाही. रोज सकाळी वीस मिनिटं मी दारात कोट घालून घामाघूम उभी. उजवा बूट डाव्या पायात जायचा आणि मी दातओठ खात हात खिशात कोंबायचे. तिसऱ्या आठवड्यात तिने जॅकेटची चेन एकटीने लावली, तेव्हा मला नाचावंसं वाटलं.

मग पुण्याहून सासूबाई आल्या. दुसऱ्याच सकाळी त्यांनी खाली बसून नातीचा पाय मांडीवर घेतला.

"अहो आई, तिचं तिला करू द्या ना."

"अगं, एवढीशी पोर! मी आहे तोवर करते की."

माझे तीन आठवडे पाण्यात गेले. तेवढ्यात आतून नवऱ्याची हाक आली. ऑफिसात हा वीस माणसं सांभाळतो.

"आई, माझे मोजे कुठे ठेवलेस गं?"

सासूबाई लगबगीने आत गेल्या. लेकीने दुसरा पाय माझ्याकडे वळवला. किटाचं दार नऊला बंद व्हायचं. मी खाली बसले आणि बूट घातला.